पहिली ठासणीची बंदूक निवडताना

तुमचं मूळ गाव कणकवली, सावंतवाडी किंवा चंदगडकडचं असेल, तर ठासणीची बंदूक तुम्हाला नवी नाही. लांब नळी, सोबत एक गज, आणि कुणाच्या तरी आजोबांच्या नावावरचा 'शेती संरक्षण' परवाना. रानडुकरं भातात शिरली की बार काढायचा, आणि निवडणूक जाहीर झाली की तीच बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायची. भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी म्हणून तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, तो याच बंदुकीचा.

स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये राहून परवाना काढल्यावर शिकारीसाठी तुम्ही जी ठासणीची रायफल शोधत असाल, ती दिसायला या बंदुकीची बहीण असली तरी आतून वेगळी आहे. गावच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात. पहिली रायफल निवडताना जे काही चुकतं, ते बहुतेक या पिळाकडे दुर्लक्ष केल्यामुळे. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा पिळालाच दिली आहे. शिकार हा विषयच ज्यांना नको वाटतो त्यांनीही तेवढा भाग वाचायला हरकत नाही, तो निव्वळ भौतिकशास्त्राचा आहे.

आधी, इथे शिकार कशाची? क्वीन्सलँडच्या राजचिन्हावर एका बाजूला ब्रोल्गा पक्षी आहे आणि दुसऱ्या बाजूला रेड डिअर, म्हणजे युरोपातलं मोठं हरीण. ब्रोल्गा इथला, हरीण पाहुणं. १८७३ साली व्हिक्टोरिया राणीने पाठवलेली ही हरणं ब्रिस्बेन नदीच्या वरच्या खोऱ्यात, क्रेसब्रूकच्या कुरणांत सोडली गेली. आपल्याकडून एस्क, टूगूलावाकडे जाताना तुम्ही त्याच मुलखातून जाता. पुढे १८८६ साली उत्तर क्वीन्सलँडमध्ये मेरीव्हेल इथे आपलं चितळही आलं. ताडोब्यात ज्याच्यासाठी जिप्सी थांबवून आपण श्वास रोखून बसतो, ते चितळ इथे कायद्याने उपद्रवी प्राणी आहे. रानडुकरांचं तर विचारूच नका. ही सारी माणसाने आणून सोडलेली जनावरं इथल्या ओढ्यांचे काठ तुडवतात आणि गवत, पिकं, झाडांचे कोंब फस्त करतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हा उलटा हिशोब पचायला वेळ लागतो, आणि लागू द्यावा.

कांगारू, वॉलबी आणि बाकीचे स्थानिक प्राणी संरक्षित आहेत. आपल्या घरामागच्या व्हाइट रॉक–स्प्रिंग माउंटनच्या रानात बंदूक घेऊन जाण्याचा प्रश्नच येत नाही. क्वीन्सलँडमध्ये राष्ट्रीय उद्यानांत किंवा सरकारी जंगलांत हौशी शिकारीला मुभा नाही. शिकार होते ती खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने. तेव्हा बंदूक शोधण्याआधी जमीनमालक शोधा. हे काम बंदूक निवडण्यापेक्षा अवघड आहे आणि त्याला कुठलंही सूत्र नाही.

परवान्याबद्दल थोडक्यात. १९९६च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर ऑस्ट्रेलियाने शस्त्रांचे कायदे आवळले. बंदूक बाळगायला 'खरं कारण' लागतं आणि स्वसंरक्षण हे कारण धरलं जात नाही. तोंडाकडून भरायची रायफल दिसायला पुराणवस्तू असली तरी क्वीन्सलँडमध्ये ती 'बी' वर्गात येते, म्हणजे मध्यभागी आघात होणाऱ्या काडतुसांच्या बोल्ट रायफलींच्या पंगतीत. सुरक्षा प्रशिक्षण, परवाना, प्रत्येक बंदुकीसाठी खरेदीची वेगळी परवानगी आणि कुलूपबंद कपाट, यांतलं काहीच टळत नाही. नियम बदलत असतात, त्यामुळे पोलिसांच्या शस्त्र परवाना विभागाचं ताजं पान वाचूनच पुढे जा. शेजारच्या राज्यात शिकारीला जाणार असाल तर तिथले नियम पुन्हा वेगळे. व्हिक्टोरियात हरणांसाठी ठासणीच्या रायफलीचा किमान व्यास आणि गोळीचं किमान वजनही नेमून दिलेलं आहे.

आता दुकानातल्या पहिल्या पेचाकडे येऊ. माहिती शोधायला बसलात की दहातले नऊ व्हिडिओ अमेरिकेतले निघतील, आणि ते तुम्हाला 'इनलाइन' रायफल घ्यायला सांगतील. १९८५ साली टोनी नाइट यांच्या एमके-८५ या रायफलीपासून हा प्रकार लोकप्रिय झाला. तिच्यात ठिणगी पाडणारी टोपी नळीच्या थेट मागे, एका रेषेत असते. दुर्बीण बसवता येते, प्लास्टिकच्या आवरणातली लांब आधुनिक गोळी चालते, साफसफाई सोपी. रायफल उत्तम आहे, प्रश्न फक्त तिच्या जन्माच्या कारणाचा आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकांसाठी शिकारीचा वेगळा हंगाम असतो. त्या जादा हंगामात आधुनिक रायफलीच्या जवळ जाणारं काहीतरी हातात असावं, या गरजेतून इनलाइनची बाजारपेठ वाढली. क्वीन्सलँडमध्ये असा वेगळा हंगाम नाही. ज्या जमिनीवर तुम्ही ठासणीची रायफल नेऊ शकता, तिथे 'बी' वर्गाचा परवाना असताना साधी बोल्ट रायफलही नेऊ शकता, आणि जनावर लवकर व खात्रीने मारण्यासाठी तीच सरस आहे. म्हणजे इथे ठासणीची रायफल घेणारा माणूस ती तिच्यासाठीच घेतो. मग अर्धी जुनी, अर्धी नवी कशाला? माझं मत सरळ आहे : बाजूला घोडा असलेली, टोपीवर चालणारी, पारंपरिक रायफल घ्या.

चकमकीची का नको? चकमकीची बंदूक देखणी असते, पण घोडा पडल्यापासून बार उडेपर्यंत तिच्यात बरंच काही घडावं लागतं. चकमक पोलादावर घासते, ठिणग्या कानातल्या रंजकावर पडतात, रंजक पेटते, ज्वाळा छिद्रातून आत जाते, आणि मग मुख्य दारू. या काळात नेम धरून ठेवणं ही वेगळी साधना आहे. अलेक्झांडर फोरसाइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याला त्रास व्हायचा तो याचाच. रंजकाचा भपका पाहून पक्षी उडून जात. त्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग शोधला आणि १८०७ साली पेटंट घेतलं. तांब्याची छोटी टोपी त्यातूनच पुढे आली. ब्रिस्बेनच्या जानेवारीतल्या दमट हवेत उघड्या कानातली रंजक सांभाळण्यापेक्षा पहिल्या बंदुकीला टोपी बरी. चकमक दुसऱ्या बंदुकीला ठेवा. (दुसरी होतेच.)

पिळाचं गणित

गुळगुळीत नळीतून निघालेली गोल गोळी सरळ का जात नाही? ती नळीपेक्षा किंचित लहान असते, आत आपटत-घरंगळत पुढे येते आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्यानुसार कशीही गरगरत बाहेर पडते. फिरणारा गोल हवेत वळतो, हे वानखेडेवर फिरकी पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. बंदुकीच्या गोळीबाबत हे ओळखलं ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ साली त्याचा तोफविद्येवरचा ग्रंथ निघाला. पुढे त्याने एक झकास प्रयोग केला : बंदुकीची नळी तोंडाशी डावीकडे वाकवली आणि बार काढला. गोळी आधी डावीकडे गेली आणि मग हवेत उजवीकडे वळली, कारण वाकलेल्या नळीत ती उजव्या भिंतीला घासत, गरगरत बाहेर आली होती. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांच्या कामासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

रायफलीच्या खाचा ही बेभरवशाची गरगर थांबवतात आणि तिच्या जागी ठरावीक फिरकी देतात, प्रवासाच्या दिशेलाच आस असलेली. मग गोळीत कुठे पोकळी असेल, एक बाजू जड असेल, तरी तो दोष फिरत राहतो आणि एकाच बाजूला ओढत नाही. गोल गोळीला एवढं पुरतं. लांबट गोळीचं दुखणं मोठं आहे. हवा तिचं नाक ढकलून तिला कोलांटी मारायला लावते, आणि ती थोपवायला तिला जास्त वेगाने फिरवावं लागतं.

किती वेगाने, याचा अंदाज १८७९ साली जॉर्ज ग्रीनहिलने दिला. गोळीच्या व्यासाचा वर्ग घ्या, त्याला १५० ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा. सगळं इंचांत. जे उत्तर येईल तेवढ्या इंचांत खाचेने एक पूर्ण फेरा घ्यायला हवा. आता अर्धा इंच व्यासाची गोल गोळी घेऊ. तिची लांबीही अर्धाच इंच, म्हणून उत्तर ७५ इंच. त्याच व्यासाची एक इंच लांब गोळी घेतली तर उत्तर ३७.५ इंच. सूत्र लांबट गोळ्यांसाठीचं आहे, गोल गोळीला लावणं म्हणजे त्याला जरा ताणणं झालं, पण बाजारातल्या नळ्या पाहिल्या तर अंदाज बरोबर दिशेला जातो हे दिसतं. गोल गोळीसाठीच्या नळ्यांत साधारण ६० ते ७० इंचांत एक फेरा असतो, इनलाइनच्या लांब गोळ्यांसाठी २८ इंचांच्या आसपास.

उलट चूक केली तर? जोरात पीळ असलेल्या नळीत कापडात गुंडाळलेली मऊ शिशाची गोल गोळी भरून दारू वाढवली, की गोळी खाचा धरून वळण्याऐवजी कापडासकट त्यांच्यावरून घसरते. कागदावर भोकं कुठेही पडतात आणि माणूस डोळ्यांना, बंदुकीला, वाऱ्याला दोष देत बसतो. म्हणून क्रम असा ठेवा : आधी गोळी ठरवा, मग पीळ, मग बंदूक. लायमनच्या ग्रेट प्लेन्स रायफलीचा पीळ ६० इंचांत एक आहे, ती गोल गोळीची. थॉम्पसन/सेंटरच्या हॉकनचा ४८ इंचांत एक, म्हणजे दोन्ही दगडांवर पाय. तो बऱ्यापैकी चालतो, विशेषतः आखूड लांबट गोळीला. इटलीतल्या पेडरसोलीच्या रायफली वेगवेगळ्या पिळांत येतात, तेव्हा नावावर न जाता आकडा विचारा.

जुनी रायफल विकणाऱ्याला आकडा माहीत नसेल तर स्वतः मोजा. रिकामी असल्याची खात्री केल्यावर गजाच्या टोकाला घट्ट बसेल असं कापड लावून तो तळापर्यंत घाला. नळीच्या तोंडाशी गजावर वरच्या बाजूला खूण करा आणि गज सावकाश बाहेर ओढा. कापड खाचांत बसलेलं असल्यामुळे गज फिरत येईल. मात्र गजाची मूठ मोकळी फिरणारी हवी. खूण पाव फेरा फिरली की किती इंच बाहेर आला ते मोजा आणि चारने गुणा. बोअरलाइटने गंजाचे खड्डेही याच वेळी पाहून घ्या. तोंडाजवळचे खड्डे असतील तर सौदा सोडा.

व्यास, अंतर आणि एकच बार

व्यासाचा प्रश्न घनफळाचा आहे. ०.५० इंची नळीत सहसा ०.४९० इंचाची गोळी जाते. तिचं वजन सुमारे ११.५ ग्रॅम. ०.५४च्या नळीतली ०.५३० इंचाची गोळी सुमारे १४.५ ग्रॅम. व्यास आठ टक्क्यांनी वाढला, वजन सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी. लांबट गोळीत वजन वाढवायचं तर लांबी वाढवता येते, गोल गोळीत ती सोय नाही. म्हणून रेड डिअरसारखं मोठं जनावर डोक्यात असेल आणि गोल गोळीच वापरायची असेल तर ०.५४ घ्या. चितळ आणि मध्यम डुकरांना ०.५० पुरते आणि तिच्या गोळ्या, कापडं, साहित्य अधिक सहज मिळतं. ०.४५ लक्ष्यावर मारायला गोड, शिकारीला पहिली म्हणून नको.

आता यातला खरा जबाबदारीचा भाग. गोल हा हवा कापण्यासाठी अगदी वाईट आकार. ०.५०ची गोल गोळी नळीतून सेकंदाला ५०० मीटरने निघाली असं धरलं, तर शंभर मीटरवर तिचा वेग ढोबळमानाने ३२०वर येतो. ऊर्जा वेगाच्या वर्गात जाते : सुमारे १४३० ज्यूलवरून ५९०वर. ५० मीटरवर शून्य धरलेली रायफल १०० मीटरवर पंधरा-अठरा सेंटीमीटर खाली मारते. ताशी १८ किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे इथली साधी दुपारची झुळूक, त्याच गोळीला ५० मीटरवर सहा सेंटीमीटर ढकलतो आणि १०० मीटरवर पाव मीटर. हृदय-फुप्फुसांची जागा लहान ताटलीएवढी. पाव मीटर मागे म्हणजे पोट, आणि पोटात गोळी लागलेलं हरीण तासन् तास जिवंत राहतं.

आणि तुमच्याकडे दुसरा बार नाही. दारू, कापड, गोळी, गज, टोपी, हे सगळं व्हायला सवयीच्या हातालाही अर्धा-एक मिनिट जातं. त्यात समोर पांढऱ्या धुराचा पडदा. जनावर पडलं की पळालं, कुठल्या दिशेला, हेही पहिले काही क्षण दिसत नाही. म्हणून अंतर ठरवा ते बंदुकीच्या जाहिरातीवरून नाही, तर स्वतःच्या कागदावरून. बेलमाँटसारख्या रेंजवर, बसून नव्हे तर रानात जसे उभे किंवा गुडघ्यावर असाल तसे, पाच गोळ्या पंधरा सेंटीमीटरच्या कागदी ताटलीत. पाचही ज्या अंतरावर बसतात ते तुमचं अंतर. ते ४० मीटर निघालं तर ४० मीटर. रानात ५५ वर हरीण उभं राहील, सुंदर आडवं उभं राहील, आणि तुम्ही घोडा हलकेच खाली आणून पाहत बसाल. हे मान्य नसेल तर बोल्ट रायफल घ्या, त्यात कमीपणा नाही.

बंदूक अंगाला बसते का तेही पाहा. हॉकन पद्धतीच्या दस्त्याचं टोक चंद्रकोरीसारखं असतं. ते छातीच्या खळग्यात नाही, दंडाच्या वरच्या भागावर टेकवायचं असतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना अमेरिकी बांध्याचा दस्ता लांब पडतो, आणि ३२ इंची नळीचं वजन पुढे खाली ओढतं. दुकानात दहा मिनिटं तशीच धरून उभे राहा. हात थरथरला की उत्तर मिळालं.

काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. अठराव्या शतकात इंग्रजांच्या दारूतला सोरा मोठ्या प्रमाणावर बिहारमधून जायचा. या मिश्रणाच्या ज्वलनातून निम्म्याहून जास्त वस्तुमान वायू न होता घनच राहतं. धूर त्याचाच आणि नळीतली काजळीही त्याचीच. हे अकार्यक्षम वाटलं तरी ठासणीच्या नळीला तोच सौम्य दाब मानवतो. आधुनिक बिनधुराची दारू तिच्यात कधीही, चिमूटभरही, घालायची नाही. नळी फुटते आणि डावा हात तिच्याच खाली असतो. दुसरं, गोळी दारूवर घट्ट बसलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहता कामा नये. रिकाम्या आणि भरलेल्या नळीसाठी गजावर दोन खुणा कोरून ठेवा, म्हणजे बार आधीच भरलेला आहे का, गोळी तळाला गेली का, हे डोळ्यांना दिसतं. टोपी वाजली आणि बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान मिनिटभर थांबा. फुसका बार कधी कधी उशिरा खरा होतो.

इथे एक गोष्ट कोकणात कुणी सांगितली नसेल. गोळीभोवतीचं सुती कापड धुमसत जाऊन गवतात पडतं. भातखाचरात त्याचं काही होत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ब्रिस्बेन खोऱ्यातल्या वाळल्या कुरणात मात्र तेवढं पुरतं. आगीची बंदी असेल त्या दिवशी रायफल घरी. इतर दिवशी प्रत्येक बारानंतर कापड शोधून विझवा.

शिसं हा दुसरा विषय. टास्मानियातल्या पाचरशेपटी गरुडांच्या यकृतात आणि हाडांत शिसं सापडलं आहे. गोळीचे कण असलेली आतडी-मांस खाणं हा त्याचा एक संशयित मार्ग. कमी वेगाची गोल गोळी आधुनिक वेगवान गोळीपेक्षा कमी चुरा होते, पण होते. आतडी उघड्यावर टाकू नका, पुरा. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, लहान मुलांच्या ताटात तर मुळीच नको. रानडुकराला हात लावताना हातमोजे हवेतच, लेप्टोस्पायरोसिस आणि ब्रुसेलोसिस दोन्ही त्यांच्यात असतात. आणि क्यू फीव्हर तर ब्रिस्बेनचाच : १९३० च्या दशकात इथल्या कत्तलखान्यातल्या कामगारांना येणारा तो अनोळखी ताप एडवर्ड डेरिकने नोंदवला. 'क्यू' म्हणजे 'क्वेरी', प्रश्नचिन्ह. त्यावर लस आहे, पहिल्या शिकारीआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

सफाई त्याच संध्याकाळी. उद्यावर ढकलली तर काजळीतले क्षार हवेतली ओल ओढून घेतात आणि क्वीन्सलँडच्या उन्हाळ्यात एका रात्रीत नळीला तांबूस छटा येते. महागडी रसायनं लागत नाहीत. हे क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून गरम पाणी, थोडा साबण, कापड, आणि नळी कोरडी ठणठणीत झाल्यावर तेलाचा हात. गंधकामुळे सडक्या अंड्यांचा वास सुटतो, तेव्हा हा कार्यक्रम अंगणात करा. बादली आणि किटली त्यासाठी वेगळी ठेवा. त्या पाण्यात शिसंही असतं, ते कढीपत्त्याच्या कुंडीत ओतू नका.